लहरींचं गायरान

वायफायचा यूएसबी डोंगल ही अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू. तीनशे-चारशे रुपयांत मिळते, खिशातल्या सुट्ट्या पैशांत हरवून जाईल इतकी छोटी. पण या देशात १९३४ ते १९८०च्या दशकापर्यंत कुणाच्या घरी असं काही सापडलं असतं, तर पहिला प्रश्न असता, ‘लायसन कुठंय?’

अतिशयोक्ती वाटेल, पण कायदाच तसा होता. ‘इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्ट, १९३३’. लागू झाला १ जानेवारी १९३४ला. त्याचा गाभा एका ओळीत सांगता येतो: परवान्याशिवाय बिनतारी यंत्र कुणीही जवळ बाळगायचं नाही. वापरायचं नाही असं नव्हे, बाळगायचंच नाही. पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर अडीचशेपर्यंत. १९३४ सालचे शंभर रुपये.

आपण फोनचा हॉटस्पॉट चालू करतो तेव्हा खिशात एक प्रक्षेपण केंद्र उघडतो, आणि त्यासाठी कुणालाही विचारत नाही. हे न विचारणं कुठून आलं, हा प्रश्न मला पडला तो मलकापूरमध्ये एका जुन्या कॉम्प्युटरला असा डोंगल लावताना. मी सॉफ्टवेअरवाला. इतिहास मला शाळेत सनावळ्यांपुरता भेटला. पण ही गोष्ट शोधत गेलो तर एका नखाएवढ्या वस्तूत दोन वेगवेगळे इतिहास सापडले. एक परवानगीचा आणि दुसरा भाषेचा.

आधी तार, मग बिनतार

मलकापूर म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातलं, नळगंगेच्या काठचं. हे सांगावं लागतं, कारण कराडजवळ एक मलकापूर आहे, शाहूवाडीत एक आहे, आणि पत्त्यावर ४४३१०१ हा पिन स्पष्ट लिहिला नाही तर पार्सल महाराष्ट्रदर्शन करून येतं. मुंबई–नागपूर रेल्वे मार्गावर भुसावळ सोडलं की थोड्या वेळात आमचं स्टेशन. हा मार्ग १८६७ साली नागपूरला पोचला, आणि रुळांच्या सोबतीनं तारेचे खांब आले.

तार का आली? कापसासाठी. आमच्याच जिल्ह्यातल्या खामगावची कापसाची बाजारपेठ तेव्हा इंग्रजांच्या नकाशावर ठळक होती. १८७०मध्ये जलंब–खामगाव फाटा सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. त्याच वर्षी मुंबई सुएझमार्गे समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली. म्हणजे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला तालुक्याचा रस्ता धड मिळायच्या आत त्याच्या कापसाचा भाव समुद्राखालून जायला लागला होता. तार कुणाची होती आणि कुणासाठी होती, हे यावरून कळतं.

मग तारेशिवाय बोलायची युक्ती आली. मराठीत तिला फार सुंदर शब्द मिळाला, ‘बिनतारी’. १९२७मध्ये इंग्लंडशी बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली, तिची केंद्रं खडकी आणि दौंडला होती. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत रेडिओ केंद्राचं उद्घाटन झालं. तारेचा खांब दिसतो, तोडता येतो, त्यावर पहारा बसवता येतो. लहरी दिसत नाहीत आणि भिंती जुमानत नाहीत. सरकारला पहारा लहरींवर बसवता येईना, मग तो यंत्रावर बसवला. रेडिओ ऐकणारे अनेक जण लायसनची फी भरत नव्हते. त्यांना पकडायचं तर यंत्र बाळगण्यावरच बंधन हवं. १९३३चा कायदा आला तो यातून.

या पहाऱ्याची धार दिसली १९४२ला. दुसरं महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओवाल्यांचे परवाने आधीच रद्द झाले होते. ‘चले जाव’नंतर मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत जागा बदलत, पोलिसांच्या गाड्या चुकवत तो चालू होता. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्यात ठेवलं गेलं. आज त्या वयाची कुणीही मुलगी बसमध्ये बसून लाइव्ह जाते.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, कायदा राहिला. घरी आजोबा-आजी असतील तर विचारून बघा. रेडिओचं लायसन पोस्टातून काढावं लागायचं, दरवर्षी नवं करावं लागायचं. ते बंद झालं १९८०च्या दशकात. पण ते फक्त ऐकण्याचं. बोलण्याचा, म्हणजे लहरी सोडण्याचा, दरवाजा बंदच होता.

कचऱ्याच्या पट्ट्यात उगवलेलं पीक

हा दरवाजा जगात पहिल्यांदा उघडला तो एका दुर्लक्षित कोपऱ्यात. १९४७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही लहरपट्टे संदेशांसाठी निरुपयोगी म्हणून उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांना सोडून दिले गेले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो. तिथे इतका गोंगाट की रेडिओवाले त्याला कचऱ्याचा पट्टा म्हणत.

मे १९८५मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकानं ठरवलं की या पट्ट्यांत कमी ताकदीची यंत्रं परवान्याशिवाय वापरायला हरकत नाही. अट एवढीच, की लहर एका जागी न ठेवता पसरून पाठवायची, म्हणजे एकमेकांना फारसा त्रास होणार नाही. मायकेल मार्कस या नियामकातल्याच अभियंत्यानं ही कल्पना लावून धरली होती.

आपल्याकडे प्रत्येक गावाला गायरान असतं. कुणाच्याही सातबाऱ्यावर वैयक्तिक मालकीचं नाही. कुणाचंही ढोर चरू शकतं, मात्र कुंपण घालायचं नाही. बाकीच्या लहरींचे सातबारे आहेत: अमुक पट्टा सैन्याचा, तमुक विमानांचा, तमुक मोबाइल कंपनीनं लिलावात घेतलेला. २.४ गिगाहर्ट्झ झाला गायरान. पडीक जमीनच गायरानाला सोडतात, हेही तंतोतंत जुळतं.

या गायरानात पहिलं पीक घेतलं ते गल्ला मोजणाऱ्या यंत्रांच्या कंपनीनं. एनसीआर ही दुकानांसाठी कॅश रजिस्टर बनवायची. मोठ्या दुकानांत मांडणी सारखी बदलते, आणि दर वेळी गल्ल्याची केबल नव्यानं टाकायला खर्च येतो. म्हणून त्यांच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी बिनतारी जोडणी बनवली. त्यांच्यातले व्हिक हेस पुढे दहा वर्षं एका समितीचे अध्यक्ष राहिले, आणि त्या समितीतून १९९७ला ८०२.११ हे मानक निघालं. वेग होता सेकंदाला एक ते दोन मेगाबिट. १९९९ला तो अकरावर गेला आणि ‘वायफाय’ हे नाव मिळालं.

भारतात हे गायरान खऱ्या अर्थानं मोकळं झालं ते जानेवारी २००५च्या अधिसूचनेनं. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमध्ये ठरावीक ताकदीखालच्या यंत्रांना परवान्याची गरज नाही, असं त्यात स्पष्ट आलं. योगायोग बघा, त्याच महिन्यात बीएसएनएलनं डेटावन ब्रॉडबँड आणलं. एकीकडे दारापर्यंत इंटरनेट आलं, दुसरीकडे दारापासून आतल्या खोलीपर्यंतची हवा मोकळी झाली.

त्याआधी दहा वर्षं, फेब्रुवारी १९९५मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी सरकारच्या नाहीत, लोकांच्या आहेत, हे आधी न्यायालयात ठरलं. ते प्रत्यक्ष हातात आलं दहा वर्षांनी, डोंगल आणि राउटरच्या रूपात.

मोबाइलवर बोटं बसत नाहीत

आता मलकापूरचा कॉम्प्युटर. तो माझ्या आत्तेबहिणीकडचा. २०१० सालचा, दोन जीबी रॅमचा, विंडोज ७वाला. तुम्ही म्हणाल, हातात फाइव्हजी फोन असताना या डबड्याशी कशाला झुंजायचं? मीही तेच विचारलं. ती म्हणाली, “दादा, मोबाइलवर सगळं होते. पण बोटं नाही बसत.”

ती लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेची तयारी करते. त्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. ही परीक्षा कीबोर्डवर असते, आणि कीबोर्डवर बोटं बसायला महिनेच्या महिने जातात. क्लासमध्ये रोज एक तास मिळतो. घरचा सराव करायचा तर हाच कॉम्प्युटर. इंटरनेट घरात आहे, पण राउटर समोरच्या खोलीत आणि कॉम्प्युटर मागच्या. घर भाड्याचं. मालकानं सांगितलेलं, भिंतीला भोक पाडायचं नाही. कॅश रजिस्टरवाल्या डच अभियंत्यांची आणि माझ्या बहिणीची अडचण शब्दशः एकच.

वारणानगरची गोष्ट मला इथे आठवते. १९९८ला तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकांसाठी सत्तर गावं जोडायची, गावात कॉम्प्युटर केंद्रं उभारायची. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिलं, तर शेतकरी तिथे मोजकीच माहिती घ्यायला येत होते: किती टन ऊस गेला, किती खत उचललं. मग सात गावांत त्यांनी कॉम्प्युटरच्या जागी मोबाइलच्या एसएमएसवर ही माहिती द्यायची सोय करून बघितली, आणि ते स्वस्तात छान चाललं. उसाच्या वजनाला एसएमएस पुरतो. पण नोकरीचा दरवाजा जिथे कीबोर्डवर उघडतो, तिथे फोन पुरत नाही. ‘आता सगळं मोबाइलवर होतं’ हे वाक्य ज्यांच्याकडे लॅपटॉपही असतो तेच जास्त म्हणतात.

डोंगलला कुठली भाषा येते?

इथून दुसरा इतिहास सुरू होतो. डोंगल आणि कॉम्प्युटर यांच्यात तेरा-चौदा वर्षांचं अंतर, तरी डोंगल खाचेत बसला. हे श्रेय यूएसबीचं. १९९६ला ही एकच खाच सगळ्यांसाठी ठरली, तोवर प्रत्येक यंत्राची खाच वेगळी असायची. ते बनवणाऱ्या इंटेलच्या चमूतले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले.

पण खाचेत बसणं म्हणजे ओळख होणं नव्हे. ओळखीसाठी ड्रायव्हर लागतो. हा एक दुभाषा. कॉम्प्युटर म्हणतो ‘हे पाठव’, ड्रायव्हर ते डोंगलमधल्या चिपच्या बोलीत सांगतो. डोंगलच्या डब्यात सीडी होती. कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह कधीच गेलेला. ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवावा तर इंटरनेटसाठीच ड्रायव्हर हवा. या फेऱ्यातून सुटायची एक सोपी वाट सगळ्यांनी लक्षात ठेवावी: फोन डेटा केबलनं कॉम्प्युटरला जोडायचा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. फोनच तात्पुरता इंटरनेटची तार होतो.

डब्यावरच्या नावावर जाऊ नये. दहा कंपन्यांच्या डब्यांत एकच चिप असते, आणि एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये दोन वर्षांत तीन चिप बदलतात. खरं नाव असतं यूएसबी ओळख क्रमांकात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर आयडी’ बघायचा, लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यायची. आमचा निघाला ०बीडीए:८१७९. पहिला भाग म्हणजे रिअलटेक कंपनी, दुसरा म्हणजे ८१८८ईयूएस ही चिप. हा क्रमांक कळला की अर्धं काम झालं.

विंडोज ७ला सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२०पासून बंद आहेत. त्या कॉम्प्युटरवरून परीक्षेचे फॉर्म आणि फीचे पैसे भरायचे, म्हणून ते काढून लिनक्स मिंट टाकलं. पुन्हा डोंगल लावला तर सीडी नाही, डाउनलोड नाही, लगेच ओळखला. हे ‘लगेच’ फार उशिरा आणि फार कष्टानं आलेलं आहे.

दोन हजारच्या दशकात लिनक्सवर वायफाय चालवणं म्हणजे डोकेदुखी होती. बऱ्याच चिप कंपन्या आपल्या चिपची बोली कुणाला सांगत नसत. काही जण विंडोजचाच ड्रायव्हर ‘एनडीआयएसरॅपर’ नावाच्या आवरणात गुंडाळून लिनक्सवर चालवायचे. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी काही स्वयंसेवकांनी वेगळीच वाट धरली. एका गटानं मूळ ड्रायव्हर काय करतो ते निरखून वर्णन लिहायचं, आणि मूळ कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटानं त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. तो २००६मध्ये लिनक्समध्ये आला. खुद्द ब्रॉडकॉमनं आपला खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१०मध्ये.

या कामातलं एक नाव लॅरी फिंगर. अमेरिकेतले निवृत्त स्फटिकशास्त्रज्ञ. आयुष्य खनिजांची रचना तपासण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर ते वायफायच्या ड्रायव्हरकडे वळले आणि जवळपास वीस वर्षं तेच करत राहिले. रिअलटेकच्या कितीतरी चिप लिनक्सवर चालतात त्या त्यांच्यामुळे. आमच्या ८१८८ईयूएसचा ड्रायव्हर २०१३ला लिनक्समध्ये आला तो त्यांनीच आणला. पुढे त्याची जागा दुसऱ्या, अधिक नीटस ड्रायव्हरनं घेतली. खुल्या कामात असंच होतं, एकानं वाट पाडायची, दुसऱ्यानं मुरूम टाकायचा. २१ जून २०२४ला, वयाच्या ८४व्या वर्षी, फिंगर गेले.

तेरावी वाट

डोंगल ओळखला गेला, पण गंमत पुढेच होती. यादीत शेजाऱ्यांची चार नेटवर्कं दिसत होती, घरचं मात्र नाही. फोनवर ते व्यवस्थित दिसत होतं. “आपलंच कसं नाही दिसत?” बहिणीचा प्रश्न रास्त होता.

उत्तर पुन्हा कायद्यात सापडलं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेल्या वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. भारतात १ ते १३ चालतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यंत्रांत बहुतेक वेळा ११पर्यंतच चालू ठेवतात. घरचा राउटर ‘ऑटो’वर होता आणि गर्दी टाळून तो तेराव्या चॅनेलवर जाऊन बसला होता. आमच्या डोंगलला कारखान्यात अमेरिकेचा नियम शिकवलेला. तो अकराच्या पुढे बघतच नव्हता. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल ६ केला आणि घरचं नेटवर्क यादीत आलं.

तुमच्याकडे असं झालं तर आणखी तीन गोष्टी बघा. स्वस्त डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झचे असतात, त्यामुळे फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्यांना तो दिसणार नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदलता येतो. सुरक्षा डब्ल्यूपीए३ असेल तर ती डब्ल्यूपीए२ करून बघा. आणि कॅबिनेटच्या मागच्या खाचेत लोखंडाच्या आड डोंगल लावण्यापेक्षा हातभर यूएसबी एक्स्टेन्शन वायरनं तो टेबलावर आणा. पत्रा लहरी अडवतो.

मला या तेराव्या चॅनेलनं विचारात पाडलं. परवान्याचा कागद गेला, पण नियम गेले नाहीत. ते चिपच्या पोटात आणि ड्रायव्हरच्या ओळींत जाऊन बसले. लिनक्समध्ये देशोदेशीच्या लहरनियमांची एक यादीच असते, भारतापुढे ‘आयएन’ लिहिलेलं. चिप कंपन्या आपली बोली लपवायच्या, त्याचं एक कारणही हेच सांगितलं जायचं: ड्रायव्हर उघडा केला तर कुणीही चिपला भलत्या लहरीवर, भलत्या ताकदीनं बोलायला लावेल. १९३३ला सरकार यंत्रावर पहारा ठेवत होतं. आता यंत्र स्वतःवर पहारा ठेवतं. गायरानालाही शिस्त लागते, हे मान्य. पण ती शिस्त कुठे लिहिलीय ते वाचता यायला हवं. खुल्या ड्रायव्हरमध्ये ते वाचता येतं.

पुढचं गायरान

तार सेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा, दोन्हींची जागा घ्यायला २०२३चा दूरसंचार कायदा आला. भांडण मात्र जुनंच आहे. २०२५मध्ये प्रश्न होता ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा. वायफायसाठी तो मोकळा ठेवायचा, की मोबाइल कंपन्यांना लिलावात द्यायचा? मे २०२५मध्ये केंद्र सरकारनं त्यातला खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, परवानामुक्त करणारा नियमांचा मसुदा काढला. मोबाइल कंपन्यांची मागणी होती की हा पट्टा त्यांना मिळावा. गायरानाची जमीन मोक्याची झाली की तिच्यावर कुणाचा तरी डोळा जातोच, हे खेड्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

बातम्यांत हा विषय ‘स्पेक्ट्रम’ म्हणून येतो आणि आपण स्क्रोल करून पुढे जातो. पण ज्या घरात एकाच राउटरवर कुणाचा क्लास, कुणाचा फॉर्म आणि कुणाचा टायपिंगचा सराव चालतो, त्या घराचा हा प्रश्न आहे. प्रत्येक यंत्राला वेगळं सिम आणि वेगळा रिचार्ज लागला असता, तर २०१० सालचा कॉम्प्युटर भंगारातच गेला असता.

आणि जुने कॉम्प्युटर आता वाढणार आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चाही नेहमीचा आधार संपला. कितीतरी घरांत, शाळांत, अभ्यासिकांत धडधाकट यंत्रं ‘जुनी’ ठरून कोपऱ्यात जातील. त्यातलं एखादं तुमच्या ओळखीत असेल, तर ते फुकून टाकण्याआधी एक संध्याकाळ द्या. चिपचा क्रमांक बघा, चॅनेल बघा. हवा मोकळी आहे, आणि तिच्यात बोलायची भाषा कुणीतरी आपल्यासाठी लिहून ठेवली आहे.